दहीहंडीत गोविंदा पडतो तेव्हा हाडांचं नेमकं काय होतं? थर, वय आणि विम्यापलीकडचा प्रश्न

१६ ऑगस्ट २०२५ या दिवशी ठाण्यात दहीहंडीचे दहा थर लागले. आधी कोकण नगर पथकाने आणि त्यानंतर जोगेश्वरीच्या जय जवान पथकानेही. नऊ थरांवर अडकलेला आकडा अखेर पुढे सरकला आणि त्या क्षणाचे व्हिडिओ मोबाइलवर फिरत राहिले.

त्याच दिवशी मुंबईत तीनशेहून अधिक गोविंदा जखमी झाले. मानखुर्दमध्ये हंडीची दोरी बांधताना एका तरुणाचा पडून मृत्यू झाला. त्याआधी काही दिवस दहिसरमध्ये सराव सुरू असताना थरावरून पडून ११ वर्षांच्या मुलाने जीव गमावला होता. नियमाप्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला थरावर चढवता येत नाही, तरीही.

दरवर्षी दहीहंडीच्या रात्री महापालिकेच्या रुग्णालयांतून आकडे येतात. इतके जखमी, त्यातले इतके दाखल, आणि बाकीच्यांना 'उपचार करून घरी सोडले'. या शेवटच्या चार शब्दांवर बातमी संपते. पण ज्याचं मनगट मोडलंय, खांदा निखळलाय किंवा मणका दबलाय, त्याच्यासाठी खरा त्रास तिथूनच सुरू होतो.

दहीहंडीवरचा वाद गेली दहा-बारा वर्षं दोन प्रश्नांभोवती फिरतोय: थर किती असावेत आणि वय किती असावं. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. मात्र गोविंदाची हाडं आणि सांधे कसे दुखावतात हे पाहिलं, तर तिसरा प्रश्न समोर येतो. पडल्यानंतरच्या दहा मिनिटांची आणि त्यापुढच्या तीन महिन्यांची जबाबदारी कोणाची?

पडण्याचं गणित काय सांगतं?

२०१२ मध्ये जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर लावले, तेव्हा मनोऱ्याची उंची १३.३४ मीटर, म्हणजे जवळपास ४४ फूट भरली होती. त्याची गिनेस बुकात नोंद झाली. या हिशेबाने एका थराची उंची साधारण दीड मीटर पडते.

चौथ्या थरावरच्या गोविंदाचे पाय जमिनीपासून सुमारे साडेचार मीटरवर असतात. तिथून कुठेही न अडकता तो खाली आला, तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी ३४ किलोमीटरच्या आसपास असतो. सहा मीटरवरून पडल्यास ताशी ३९ आणि दहा मीटरवरून पडल्यास ताशी ५० किलोमीटर. म्हणजे रिक्षाने किंवा दुचाकीने धडक द्यावी तसा हा मार आहे. आणि हे सगळं एक ते दीड सेकंदात घडतं. तोल सावरायला किंवा अंग आवरायला तेवढा वेळ पुरत नाही.

पण हाड मोडेल की नाही हे फक्त वेगावर ठरत नाही. शरीर किती अंतरात थांबतं, यावरही ते अवलंबून असतं. डांबरी रस्त्यावर शरीर दोन-तीन सेंटिमीटरमध्ये थांबतं. जाड गादीवर किंवा खालच्या माणसांच्या हातांवर तेच थांबणं तीस-चाळीस सेंटिमीटरमध्ये पसरतं. थांबायचं अंतर दहापट वाढलं की हाडावर येणारा सरासरी जोर दहापट कमी होतो. म्हणूनच काही वेळा सातव्या थरावरचा एक्का खालच्या गर्दीने झेलल्यामुळे खरचटून सुटतो आणि तिसऱ्या थरावरचा गोविंदा गर्दीबाहेर रस्त्यावर पडून कणा मोडून घेतो.

यातून एक साधी गोष्ट कळते. उंचीची मर्यादा गरजेची आहे, पण ती एकटी पुरेशी नाही. खाली काय आहे, हा प्रश्न वर किती थर आहेत याइतकाच मोठा आहे.

न पडताही दुखापत होते का?

होते, आणि तिची मोजणी कुठेच होत नाही.

मनोरा वर निमुळता होत जातो, पण वजन खालीच उतरतं. समजा, तीन गोविंदांच्या खांद्यांवर वरचे सहा जण उभे आहेत आणि प्रत्येकाचं सरासरी वजन ५० किलो आहे. म्हणजे ३०० किलो तीन जणांत वाटले गेले आणि प्रत्येकाच्या वाट्याला १०० किलो आले. तेही स्थिर नाहीत. वरचा चढतो, पाय बदलतो, थरथरतो, तेव्हा हा भार क्षणाक्षणाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर सरकतो.

खांद्याचा सांधा शरीरातल्या सगळ्यांत मोकळ्या सांध्यांपैकी एक आहे. हात चारही दिशांना फिरावा म्हणून त्याची खोबण उथळ असते आणि त्याला जागेवर धरायचं काम भोवतीचे स्नायू आणि त्यांचे कंडरे करतात. हे कंडरे भारी वजनाखाली वारंवार घासले की सुजतात आणि पुढे चिरतात. हात वर नेताना कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, कंगवा फिरवायला त्रास होतो, ही त्याची ओळखीची लक्षणं. खांद्याच्या टोकाला गळपट्टीचं हाड जिथे जोडलं जातं, तो छोटा सांधाही अशा भाराने झिजतो.

दुसरी जागा म्हणजे कंबर. वाकलेल्या किंवा पिळलेल्या स्थितीत वजन पेललं की मणक्यांमधल्या गादीवर ताण येतो. गादीचं बाहेरचं कडं फाटलं की आतला मऊ भाग बाहेर येऊन मज्जातंतूवर दाबतो आणि कळ कमरेतून मांडीमागून पायापर्यंत उतरते. तिसरी जागा गुडघा. वजन पेललेलं असताना पाय रोवलेला राहिला आणि अंग वळलं, तर गुडघ्यातली कूर्चेची चकती फाटू शकते.

पथकांचा सराव गुरुपौर्णिमेच्या आसपास सुरू होतो आणि दहीहंडीपर्यंत रोज रात्री चालतो. दिवसभर नोकरी किंवा मेहनतीचं काम करून आलेली मुलं रात्री थर लावतात. स्नायूंना भरून यायला वेळ मिळत नाही. एका रात्रीत मोडलेलं हाड आकड्यात येतं. सात-आठ वर्षं खालच्या थरात उभं राहून झिजलेला खांदा कुठल्याच यादीत येत नाही.

हात टेकवला की काय मोडतं?

पडताना माणूस नकळत हात पुढे करतो. हा मेंदूचा डोकं वाचवायचा उपाय आहे आणि त्याची किंमत हात मोजतो. तळहातावर आलेला मार मनगट, कोपर, खांदा असा वर चढत जातो आणि वाटेत जिथे कमजोर जागा मिळेल तिथे हाड मोडतं.

गळपट्टीचं हाड बारीक, वळणदार आणि त्वचेच्या लगेच खाली असतं. ते मोडलं की बहुतेक वेळा झोळीत हात ठेवून सहा ते बारा आठवड्यांत जुळून येतं. तुकडे फार सरकले असतील किंवा हाड त्वचेतून बाहेर येऊ पाहत असेल, तर शस्त्रक्रिया लागते.

मनगटातलं एक छोटं हाड मात्र फसवं आहे. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला असलेलं हे नावेसारखं हाड हातावर पडल्यावर मोडतं, पण पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत अनेकदा दिसत नाही. 'मुरगळलंय' म्हणून क्रेप बँडेज बांधून माणूस घरी जातो. या हाडाला रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकातून होतो. मधोमध मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं. तो तुकडा जुळत नाही, हळूहळू मरतो आणि काही वर्षांत मनगटाचा सांधाच झिजतो.

म्हणून डॉक्टरांचा नियम ठरलेला आहे. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या बुडाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे साधा असला तरी हात आधारात ठेवायचा आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे किंवा लवकर एमआरआय करायचा. दहीहंडीच्या रात्री 'काही नाही' म्हणून सोडलेल्या गोविंदाने पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला जाणं का गरजेचं आहे, ते यावरून कळतं.

खांदा निखळणं ही आणखी एक नेहमीची दुखापत. हात वर आणि बाहेरच्या बाजूला असताना ओढला गेला की हाडाचा गोल खोबणीतून बहुधा पुढे सरकतो. थरातल्या गोविंदाचे हात नेमके याच स्थितीत असतात. अशा वेळी जवळचा कुणी 'मी बसवतो' म्हणत हात ओढतो. हे धोक्याचं आहे. सोबत हाड मोडलेलं असू शकतं आणि ओढण्याने नस किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते. शिवाय विशीच्या आतबाहेरच्या वयात एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता खूप असते. पुढच्या वर्षी तोच गोविंदा पुन्हा थरात उभा राहणार असेल, तर आधी खांद्याच्या स्नायूंचा व्यायाम आणि डॉक्टरांचा सल्ला हवाच.

पाठीच्या कण्याची भीती सगळ्यांत मोठी का?

पायांवर किंवा बुडावर सरळ आदळलेल्या माणसाचा सगळा मार कण्यातून वर जातो. छातीचे मणके बरगड्यांनी बांधलेले असल्याने ताठ असतात, कमरेचे मोकळे असतात. दोन्ही जिथे मिळतात तो सांधा, म्हणजे छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका, सगळ्यांत जास्त वेळा दबतो किंवा फुटतो. मणका नुसता दबला तर माणूस चालतो-बोलतो, फक्त पाठ दुखते. फुटून त्याचा तुकडा मागे सरकला, तर तो मज्जारज्जूवर किंवा तिथून निघणाऱ्या नसांवर दाबतो.

अशा पडण्यात टाचेचं हाडही फुटतं. टाच मोडलेल्या रुग्णाचा कणा तपासायचाच, हे अस्थिरोग विभागात शिकाऊ डॉक्टरांना पहिल्यापासून शिकवलं जातं. टाचेच्या वेदनेत पाठीचं दुखणं झाकलं जातं आणि मोडलेला मणका दोन दिवस कळतच नाही.

डोक्यावर पडलेल्याची मान धोक्यात असते. मानेतला मज्जारज्जू दुखावला तर हातपाय लुळे पडू शकतात, श्वासही अडू शकतो. हेल्मेट कवटी वाचवतं, पण मान किंवा पाठ वाचवत नाही. हेल्मेट घातलेला गोविंदा सुरक्षित आहे असं आयोजक सांगतात, तेव्हा ते अर्धंच खरं असतं.

मज्जारज्जूची इजा नेहमी पडतानाच होते असं नाही. मणका मोडलेला आहे, पण मज्जारज्जू अजून शाबूत आहे, अशा माणसाला दोघांनी हातपाय धरून उचललं, कमरेत वाकवलं, रिक्षात कोंबलं, तर मोडलेला मणका सरकतो. दहीहंडीच्या व्हिडिओंमध्ये हे दृश्य वारंवार दिसतं. थर कोसळतो, चार जण धावतात, पडलेल्याला काखेत धरून उभं करतात आणि गर्दी टाळ्या वाजवते. हेतू चांगला असतो, पण याच घाईत बऱ्या होऊ शकणाऱ्या माणसाचे पाय कायमचे जाऊ शकतात.

नियम आज काय आहेत?

ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालच्या मुलांना थरांत बंदी केली आणि मनोऱ्याची उंची २० फुटांवर बांधली. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध सैल केले आणि १२ वर्षांवरच्या मुलांना परवानगी मिळाली. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा १८ वर्षं आणि २० फूट ही मर्यादा कायम केली. त्या वर्षी अनेक पथकांनी निषेध म्हणून काळे झेंडे दाखवले, तर काहींनी नियम उघड मोडले.

२०१७ मध्ये प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयात आलं. १४ वर्षांखालच्या मुलांना सहभागी होऊ देणार नाही, हे राज्य सरकारचं म्हणणं न्यायालयाने नोंदवून घेतलं. उंची ठरवणं हे न्यायालयाचं काम नाही, असं सांगत २० फुटांची अट गेली. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि गोविंदांना नोकरीत खेळाडूंच्या आरक्षणाचा लाभ देण्याची घोषणा केली. २०२३ मध्ये प्रो गोविंदा स्पर्धाही सुरू झाली.

म्हणजे आज वयाची अट १४ आहे आणि उंचीला न्यायालयाची मर्यादा नाही. सुरक्षेची साधनं वापरण्याच्या सूचना आहेत. त्या पाळल्या जातात की नाही, हे प्रत्येक नाक्यावर वेगळं असतं.

१४ हा आकडा हाडांना मान्य आहे का?

१४ वर्षांची मर्यादा बालकामगार कायद्यातून आली आहे. ती मुलाच्या कामाचा विचार करते, हाडाच्या वाढीचा नाही.

वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पट्टा असतो. हाड तिथूनच लांब होतं. वाढ संपली की हा पट्टा हाडात मिसळून जातो. मुलींमध्ये हे साधारण १४ ते १६ आणि मुलग्यांमध्ये १६ ते १८ व्या वर्षापर्यंत होतं. तोवर हा पट्टा आजूबाजूच्या अस्थिबंधांपेक्षाही कमजोर असतो. ज्या माराने मोठ्या माणसाचा घोटा फक्त मुरगळतो, त्याच माराने मुलाचा वाढीचा पट्टा तुटू शकतो. तो नीट जुळला नाही, तर हाड एका बाजूला वाढतं आणि दुसऱ्या बाजूला थांबतं. हात किंवा पाय वाकडा होतो किंवा आखूड राहतो. हे दिसायला वर्ष-दोन वर्षं लागतात. तोवर दहीहंडीतली ती पडझड घरचेही विसरलेले असतात.

म्हणजे १५ वर्षांचा मुलगा कायद्याने थरावर चढू शकतो, पण त्याची हाडं अजून मुलाचीच आहेत. २०१४ चा १८ वर्षांचा आकडा हाडांच्या दृष्टीने अधिक जवळचा होता. वरच्या थरावर हलकं मूल हवं ही पथकांची गरज आहे. पण खाली पडल्यावर सगळ्यांत उंचावरून येतं तेही तेच मूल.

विमा काय भरून काढतो?

२०२२ मध्ये सरकारने जाहीर केलेली मदत अशी होती: मृत्यू झाल्यास १० लाख, दोन डोळे, दोन हात किंवा दोन पाय गमावल्यास साडेसात लाख, एक हात किंवा पाय गमावल्यास ५ लाख रुपये. २०२३ पासून सरकारी खर्चाने गोविंदांचा विमा सुरू झाला. पहिल्या वर्षी ५० हजार, २०२४ मध्ये ७५ हजार आणि २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांसाठी. सुरुवातीला दर गोविंदामागे हप्ता होता ७५ रुपये.

ही मोठी सुधारणा आहे यात शंका नाही. आधी बहुतेक कुटुंबांना पथकाच्या वर्गणीवर आणि स्थानिक नेत्याच्या शब्दावर विसंबून राहावं लागत होतं. पण या संरक्षणाचा भर मृत्यू, अवयव गमावणं आणि कायमचं अपंगत्व यांवर आहे. दहीहंडीत सर्वाधिक होणाऱ्या दुखापती या दोन टोकांच्या मधल्या आहेत. अवयव जात नाही, पण काम जातं.

हिशेब करून पाहा. मनगट मोडलं की सहा आठवडे प्लॅस्टर. ते निघाल्यावर आखडलेला सांधा मोकळा करायला आणखी महिना-दीड महिना व्यायाम. गळपट्टीचं हाड मोडलेल्याला जड काम दोन-तीन महिने बंद. मणका दबलेल्याला त्याहून जास्त. पथकातली बरीच मुलं वस्त्यांमधली, चाळींमधली, रोजंदारीवर किंवा कंत्राटावर काम करणारी असतात. घरपोच सामान देणारा, गाडी चालवणारा, सुतारकाम करणारा, गोदामात माल उचलणारा असा तरुण तीन महिने घरी बसला, तर त्याची रोजी बुडते आणि कंत्राटही जातं. रुग्णालयाच्या नोंदीत तो 'किरकोळ जखमी' असतो.

याचा दुसरा परिणाम उपचारांवर होतो. पैसे नसले की प्लॅस्टर लवकर काढलं जातं, फिजिओथेरपी सुटते, किंवा कुणी सांगितलं म्हणून हाडवैद्याकडे मालीश सुरू होते. मोडलेल्या हाडावर मालीश केल्याने तुकडे सरकतात आणि हाड वाकडं जुळतं. बांबूच्या कामट्या फार घट्ट बांधल्या तर रक्तपुरवठा तुटून स्नायू मरू शकतात आणि हात कायमचा आखडतो. अशा दुखापतीला पडण्यापेक्षा नंतरची व्यवस्था जास्त जबाबदार असते.

इतरांनी काय केलं?

मानवी मनोरे फक्त महाराष्ट्रात रचले जात नाहीत. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात ही परंपरा शतकांची आहे आणि २०१० मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथेही नऊ-दहा थर लागतात आणि सर्वांत वर लहान मूलच चढतं.

फरक पायाशी आहे. मनोऱ्याभोवती शेकडो माणसं अंगाला अंग भिडवून, हात वर करून उभी राहतात. ती मनोऱ्याला टेकू देतात आणि तो कोसळला तर गादीचं काम करतात. थांबण्याचं अंतर वाढवणं ते हेच. प्रत्येक जण कमरेला लांब कापडी पट्टा घट्ट गुंडाळतो. त्याने कमरेला आधार मिळतो आणि वर चढणाऱ्याला पाय ठेवायला जागाही. २००६ मध्ये एका मुलीचा पडून मृत्यू झाल्यानंतर वरच्या मुलांसाठी मऊ हेल्मेट आणलं गेलं. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे चढलेला मनोरा नीट उतरवला तरच तो पूर्ण मानला जातो. आपल्याकडे हंडी फुटली किंवा सलामी लागली की जल्लोष सुरू होतो आणि थर अनेकदा घाईत, कसेही उतरतात. बक्षिसाच्या नियमात 'सुरक्षित उतरणं' आलं, तर एक पैसाही खर्च न होता पडझड कमी होऊ शकते.

थर कोसळला तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावं?

पडलेल्याला लगेच उभं करू नये. आधी त्याच्याशी बोलावं. मान किंवा पाठ दुखते का, हातापायांना मुंग्या येतात का, बोटं हलतात का, हे विचारावं.

मान किंवा पाठ दुखत असेल, बधिरपणा असेल किंवा माणूस बेशुद्ध असेल, तर एकाने त्याचं डोकं दोन्ही हातांनी आहे त्या स्थितीत स्थिर धरावं, बाकीच्यांनी गर्दी मागे हटवावी आणि १०८ ला फोन करावा. श्वास बंद असेल किंवा वरून आणखी कुणी कोसळणार असेल, तरच हलवावं. तेही चार-पाच जणांनी मिळून, डोकं, पाठ आणि पाय एका रेषेत ठेवून, सपाट फळीवर.

हात किंवा पाय वाकडा दिसत असेल तर सरळ करायचा प्रयत्न करू नये. आहे त्या स्थितीत पुठ्ठा, लाकडी पट्टी किंवा घडी घातलेलं वर्तमानपत्र लावून वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बांधून ठेवावेत. अंगठी, कडं, धागे लगेच काढावेत, कारण सूज आल्यावर ते निघत नाहीत. हाड त्वचेबाहेर आलं असेल तर आत ढकलू नये. स्वच्छ कापडाने झाकावं. पाणी किंवा खाणं देऊ नये, कारण शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागू शकते.

घरी सोडल्यानंतरही काही लक्षणांवर लक्ष ठेवावं लागतं. पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा येणं, लघवीवरचा ताबा जाणं, प्लॅस्टरमधली बोटं निळी किंवा थंड पडणं, गोळ्या घेऊनही वेदना वाढत जाणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच रात्री पुन्हा रुग्णालयात जावं. सकाळची वाट पाहू नये.

मग प्रश्न कुठे अडतो?

महापालिका दहीहंडीसाठी केईएम, सायन, नायरसारख्या रुग्णालयांत खाटा राखून ठेवते, डॉक्टर तैनात करते. म्हणजे माणसं पडणार हे व्यवस्थेने गृहीत धरलेलं आहे. पण रस्त्यावर, हंडीच्या खाली, पडलेल्याला नीट उचलणारे चार प्रशिक्षित हात असावेत, अशी सक्ती दिसत नाही. लाखोंची बक्षिसं, डीजे, मंच आणि फलक यांच्या खर्चापुढे एक स्ट्रेचर, मानेचे काही पट्टे आणि पथकातल्या दहा जणांना एका दिवसाचं प्रशिक्षण हा खर्च नगण्य आहे.

साहसी खेळाचा दर्जा मिळाला की त्यासोबत खेळाची शिस्तही यायला हवी. इतर खेळांत खेळाडूची तपासणी होते, दुखापतीची नोंद राहते, आणि डॉक्टर सांगत नाहीत तोवर तो मैदानात परतत नाही. दहीहंडीत कोणतं हाड किती जणांचं मोडलं, कोणत्या थरावर, खाली गादी होती की नाही, सहा महिन्यांनी तो माणूस कामावर परतला का, याची नोंद झाली तर पुढच्या वर्षी नेमकं काय बदलायचं ते कळेल. आज फक्त जखमींचा एकूण आकडा कळतो.

गोविंदांना हा सण हवा आहे आणि तो बंद करून प्रश्न सुटणार नाही, हे २०१६ ने दाखवलं. पण जो तरुण खालच्या थरात उभा राहून सगळा मनोरा पेलतो, त्याचा खांदा मोडल्यावर त्याला पेलणारं कोण आहे, याचं उत्तर आयोजकांना आणि सरकारला द्यावं लागेल. 'उपचार करून घरी सोडले' एवढं सांगणं पुरेसं नाही.